पाइपलाइन रिकामी करताना आतला हवेचा दाब: मॉडेल उणे ३२९ किलोपास्कल म्हणतंय, गेज उणे ७० दाखवत होता

टेकडी_ते_नाला (नागपूर)

नमस्कार. मी सिव्हिल अभियंता आहे, नोकरीला तीन वर्षं झाली. हिंगण्याच्या बाजूला एका औद्योगिक पाणी-लाइनच्या देखभालीचं काम आमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात त्या लाइनचा एक टप्पा रिकामा करताना जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टप्पा असा आहे. एम.एस. (पोलादी) पाइप, व्यास १००० मिमी, जाडी ६ मिमी, लांबी ९०० मीटर. वरच्या टोकाला टेकडीवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह (लाइन बंद करणारा), खाली नाल्याजवळ २०० मिमीचा वॉशआउट (लाइन रिकामी करायचं तोंड). दोन्हींच्या पातळीत १४ मीटरचा फरक, उतार जवळपास एकसारखा. बटरफ्लायच्या लगेच खाली ८० मिमीचा कायनेटिक एअर व्हॉल्व्ह (लाइनमध्ये हवा आत-बाहेर सोडणारा). टेकडीवर काळा खडक लागल्यामुळे सुरुवातीची १२० मीटर लाइन जमिनीच्या वर, सॅडलवर (टेकूंवर) आहे. पुढे सगळी काळ्या मातीत गाडलेली.

खाली एका जॉइंटची वेल्डिंग करायची होती. वरचा बटरफ्लाय बंद केला, वॉशआउट पूर्ण उघडला. नाल्यात पाण्याचा जोर चांगला दिसत होता, म्हणून मी खालीच थांबले. वर व्हॉल्व्हमन भाऊ होते. पाच-सात मिनिटांत त्यांचा फोन आला, "मॅडम, ह्या पाइपाले श्वास घेता येऊन नाही रायला. तुम्ही वर या." टेकडी चढून गेले तर एअर व्हॉल्व्हमधून बारीक, सतत शिट्टी येत होती आणि टॅपिंगवरच्या (पाइपाला काढलेल्या छोट्या जोडणीवरच्या) कंपाउंड गेजचा काटा मायनस ०.७ किलोवर होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला बाहेरच्या हवेपेक्षा ०.७ किलो कमी दाब, जवळजवळ उणे ७० किलोपास्कल. भाऊंनी माझा हात धरून पाइपावर ठेवला. पत्रा थरथरत होता, ढोलाच्या कातड्यासारखा. मी लगेच खाली फोन करून वॉशआउट बंद करायला लावला.

त्या रात्री घरी एक्सेलमध्ये मॉडेल करायला बसले. पाणी बाहेर जातं ते ओरिफिसच्या (छिद्रातून प्रवाहाच्या) सूत्राने, सहगुणक ०.६. हवेसाठी दाब बदलण्याच्या वेगाचं समीकरण: पाणी जितकं बाहेर गेलं तितकं हवेचं आकारमान वाढलं, दाब त्या प्रमाणात घटला, एअर व्हॉल्व्हमधून हवा आत आली तितका परत वाढला. हवा फुगताना दाब कसा घटतो त्याचा घातांक १.४ घेतला. सुरुवातीला वर अडकलेली हवा अर्धा घनमीटर धरली, वेळेची पायरी ५ सेकंद. पहिल्याच पायरीला आतला निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) उणे ३२९ किलोपास्कल आला! निरपेक्ष दाब शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, इतकं मला कळतं. पायरी १ सेकंद केली तर दाब खाली-वर उड्या मारतो.

माझं समीकरण चुकलंय की पद्धत? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मायनस ०.७ किलो हे कितपत गंभीर होतं? साइटवर सगळे म्हणाले, "काही झालं नाही नं, मग सोडा." मला ते सोडता येत नाहीये. काम राहिलंच आहे, लाइन पुन्हा रिकामी करावी लागणार.

पायथन_सदर

समीकरण बरोबर आहे, पायरी मोठी आहे. हिशेब करून बघा. सुरुवातीला पाणी सेकंदाला ०.३१ घनमीटर जातंय आणि हवा आहे फक्त ०.५ घनमीटर. म्हणजे दीड सेकंदात हवेला दुप्पट व्हायचंय. तुम्ही तिला एकदम पाच सेकंद पुढे ढकलता तेव्हा सुरुवातीचा उतार तसाच सरळ पुढे ओढला जातो: ५ × १.४ × ०.३१ ÷ ०.५ म्हणजे ४.३ च्या वर. मूळ दाबातून त्याच्याच चौपट वजा केल्यावर उणे उत्तर येणारच. सुरुवातीची हवा जितकी कमी, तितकी पायरी बारीक लागते.

पण पायरी बारीक करत बसण्यापेक्षा दाब हे चल म्हणून ठेवूच नका. आत किती किलो हवा आहे याचा हिशेब ठेवा, आणि किती घनमीटर जागा मोकळी झाली याचा. प्रत्येक पायरीला दाब थेट काढा: वस्तुमान × २८७ × तापमान ÷ आकारमान. तापमान केल्व्हिनमध्ये. वस्तुमान आणि आकारमान दोन्ही धन असल्यावर दाब उणे येऊच शकत नाही. सुरुवातीची काही मिनिटं पायरी ०.१ सेकंद, पुढे वाढवा. एक्सेलपेक्षा पायथनमध्ये हे वीस-पंचवीस ओळींत होतं.

घातांकाबद्दल: १.४ हा झटक्यात होणाऱ्या बदलासाठी. तुमचं रिकामं होणं तासाभराचं आहे, तेवढ्यात लोखंडी पाइप हवेला भरपूर उष्णता देतो. १ धरा, म्हणजे तापमान स्थिर.

एपानेटमध्ये (पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचं सॉफ्टवेअर) हे करण्याचा प्रयत्न करू नका. ते पाइप कायम भरलेलाच धरतं, हवा त्याला माहीतच नाही.

निवृत्त_पाणीपुरवठा (नागपूर)

ताई, तुमच्या व्हॉल्व्हमन भाऊंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी फोन केला नसता तर आज तुम्ही वेगळा प्रश्न विचारत असता.

मी हे हातानेच सोडवतो. पायथन_सदर यांनी सांगितलेलं मॉडेल उत्तमच आहे, पण सुरुवातीच्या धावपळीनंतर काही वेळ एक समतोल टिकतो आणि तो कागदावर निघतो. वॉशआउटमधून जितके घनमीटर पाणी जातं, तितकेच घनमीटर हवा, आतल्या दाबाला मोजलेली, वरून आली पाहिजे. ती येत नसेल तर आतला दाब खाली खाली जातो आणि दोन गोष्टी एकदम घडतात: पाण्याचा ओढा कमी होतो आणि आत आलेली हवा जास्त फुगते. दोन्ही बाजू जुळल्या की काटा स्थिरावतो.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब ९७.६ किलोपास्कलच्या जवळ, म्हणजे ९.९५ मीटर पाण्याचा स्तंभ. पुस्तकातले १०.३ मीटर इथे धरू नका.

आता ८० मिमीचा एअर व्हॉल्व्ह स्वच्छ आणि पूर्ण उघडा असता तर काय झालं असतं ते बघा. पाणी सेकंदाला ०.३१ घनमीटर. तेवढी हवा ८० मिमीच्या तोंडातून यायला तिला साधारण १०० मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, आणि त्यासाठी दाबात फरक पडतो फक्त ६ किलोपास्कल. काटा शून्याला जेमतेम सोडतो.

तुमचा काटा होता मायनस ०.७ किलोवर, म्हणजे जवळजवळ ७० किलोपास्कल व्हॅक्यूम. इथे साधं ओरिफिसचं सूत्र लावू नका. आतला दाब बाहेरच्या ०.५२८ पटीच्या खाली गेला की तोंडातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्यापुढे आत कितीही ओढ लावा, वस्तुमान वाढत नाही. ती शिट्टी ऐकलीत नं? मग एकच प्रश्न राहतो: किती मोठ्या छिद्रातून आलेली हवा या व्हॅक्यूमला पाण्याशी जुळेल? मी दोनतीन आकडे घालून पाहिले. २५ मिमी. तुमचा ८० मिमीचा एअर व्हॉल्व्ह त्या दिवशी २५ मिमीच्या भोकाइतकंच काम करत होता. क्षेत्रफळाने दहावा हिस्सा. आत काहीतरी अडकलंय, उघडून बघा.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. एअर व्हॉल्व्ह चांगला असता तर नाल्यात पाणी पडलं असतं सेकंदाला ०.३१ घनमीटर. दहावा हिस्सा उरल्यावर पडलं ०.२२. व्हॅक्यूम सहाचा सत्तर झाला, पाणी जेमतेम तीस टक्क्यांनी कमी झालं. खाली नाल्याजवळ उभ्या माणसाला जोर चांगलाच दिसणार. तुम्हालाही तसाच दिसला. म्हणून लाइन रिकामी करताना वरच्या टोकाला गेज आणि गेजपाशी माणूस पाहिजेच. खालून काही कळत नाही.

गंभीर होतं का? बाहेरच्या दाबाने लांब, गोल पाइप कधी दबतो त्याचं सूत्र तुम्ही शिकला असाल: दोन गुणिले स्थितिस्थापकता गुणांक, भागिले एक वजा पॉइसन गुणोत्तराचा वर्ग, गुणिले जाडी भागिले व्यास याचा घन. २०० गिगापास्कल आणि ०.३ घालून ६ मिमी जाडी, १००० मिमी व्यासाला ९५ किलोपास्कल येतात. वाचायला बरं वाटतं. पण हे उत्तर अगदी गोल, नव्या पाइपाचं. तो घन लक्षात घ्या. गंजून जाडी ५ मिमी राहिली असेल तर हेच उत्तर ५५ वर येतं, आणि तुम्ही ७० वर होता. त्यात सॅडलवरचा पाइप थोडा अंडाकृती झालेला असतो, तो याहीपेक्षा आधी दबतो. गाडलेल्या भागाला चारी बाजूंनी माती धरून ठेवते, उघड्या १२० मीटरला कोणी धरत नाही. आणि तोच भाग नेमका सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात जास्त व्हॅक्यूममध्ये.

मी नोकरीच्या सुरुवातीला एक दबलेली लाइन पाहिली आहे. कुठली ते सांगत नाही. वरची बाजू आत जाऊन खालच्या बाजूला टेकली होती, सलग तीन पाइपांची लांबी. घडीच्या कडेला रंगाचे पापुद्रे सुटून पडले होते आणि त्या घडीत माझा अख्खा हात कोपरापर्यंत गेला. आवाज झाला तेव्हा लोकांना टायर फुटल्यासारखं वाटलं होतं. त्या गावाला अकरा दिवस टँकरने पाणी दिलं. तेव्हापासून हा हिशेब मी कधी टाळला नाही.

आणखी एक. सत्तर किलोपास्कल म्हणजे सात मीटर. पाण्याच्या पृष्ठभागाखाली सात मीटर उतरेपर्यंत पाइपात बाहेरपेक्षा कमीच दाब असतो. तुमच्या उतारावर ही जवळजवळ अर्धी लाइन झाली. त्या भागात एखादा जॉइंट गळका असेल तर तो त्या वेळी बाहेर गळत नाही, बाहेरचं आत ओढतो. लाइन औद्योगिक आहे म्हणून निभावलं. पिण्याच्या लाइनला हे विसरून चालत नाही.

ठेकेदार_कामठी

एक साधा उपाय सुचवतो. वॉशआउट ३०० मिमीचा करा, लाइन लवकर रिकामी होईल, व्हॅक्यूम कमी वेळ राहील. आमच्याकडे दोन ठिकाणी केलंय.

दुसरं, वॉशआउटचं तोंड नाल्याच्या पाण्यात बुडालेलं असेल तर वर काढा. बुडालेलं असलं की खालून हवा शिरत नाही आणि पाणी मध्येच लटकून राहतं. आम्हाला वाटायचं लाइन रिकामी झाली, जॉइंट कापला की पाणी अंगावर.

निवृत्त_पाणीपुरवठा

लटकलेल्या पाण्याचं अगदी खरं बोललात. वर हवा अजिबात शिरत नसेल तर नागपुरात नऊ-साडेनऊ मीटर उंचीचं पाणी पाइपात तसंच उभं राहू शकतं, वॉशआउट उघडा असूनही. कापण्याआधी वरच्या टॅपिंगचा कॉक उघडून हवा आत ओढली जाते का ते बघायचंच.

३०० मिमीचं मात्र करू नका, हात जोडून सांगतो. वॉशआउटचं क्षेत्रफळ सव्वादोन पट झालं की पाणी तितकं जास्त मागतं आणि हवाही तितकी जास्त लागते. एअर व्हॉल्व्ह नवा कोरा, ८० मिमी पूर्ण उघडा असला तरी व्हॅक्यूम सहावरून वीसच्या आसपास जातो. आणि तो अडकलेला असला तर काय होईल ते वर आलंच आहे. पाणी किती वेगाने काढायचं ते हवेच्या तोंडाने ठरवायचं असतं.

ताई, तुमच्यासाठी: वॉशआउट एक चतुर्थांश क्षेत्रफळ उघडा ठेवला असता तर त्याच अडकलेल्या एअर व्हॉल्व्हसकट व्हॅक्यूम २५ किलोपास्कलच्या आत राहिला असता. वेळ लागला असता पाच-साडेपाच तास. मी असतो तर पाच तास बसलो असतो. एक चतुर्थांश क्षेत्रफळ म्हणजे एक चतुर्थांश फेरे नव्हे, फेरे फिरवून उघडायच्या स्लुइस व्हॉल्व्हमध्ये दोन्ही वेगळे असतात. फेरे मोजण्यापेक्षा गेज बघून उघडा.

मॉडेलबद्दल एक सुधारणा. तुम्ही पाण्याचा माथा पिस्टनसारखा, उभ्या भिंतीसारखा खाली सरकतो असं धरलंय का? १००० मिमी पाइपात तसं व्हायला वेग साधारण १.७ मीटर प्रतिसेकंदाच्या वर लागतो. तुमचा आहे ०.४. म्हणजे हवा पाण्याच्या वरून पसरत जाते आणि पाणी तळाला आडवं पडतं, नाल्यातल्यासारखं. त्यामुळे "माथा किती मीटर सरकला" असं न विचारता "किती घनमीटर गेल्यावर पाण्याची पातळी किती" असा तक्ता करा, तलावाचा करतात तसा. पाण्याचं जडत्व सोडून द्या, तो अडीच-तीन सेकंदांचा मामला आहे.

टेकडी_ते_नाला

सर, मनापासून आभार. पायथन_सदर, तुमचेही. नऊ दिवसांनी परत लिहिते आहे, मध्ये लाइन दोनदा रिकामी केली.

आधी एअर व्हॉल्व्ह उघडला. वरचं झाकण काढल्यावर समजलं. कुंभारीण माशीने झाकणाखालच्या वाटेत मातीची घरं बांधली होती, एकाला एक चिकटून, चौदा मोजली. तिथली लोखंडी जाळी गंजून पडली होती, तिथूनच ती आत शिरली असणार. माती इतकी पक्की की भाऊंना छिन्नी लागली. चेंडू मोकळा होता, सीट चांगली होती. फक्त बाहेरची वाट बुजली होती. एका कडेला चंद्रकोरीसारखी फट उरली होती. तिचा कागदावर ठसा घेऊन चौकोन मोजले, क्षेत्रफळ ५.३ चौरस सेंटिमीटर भरलं. २५ मिमी छिद्राचं येतं ४.९. सर, तुम्ही घरी बसून सांगितलेलं छिद्र!

जाडीही मोजून घेतली, यंत्र एका ओळखीच्या तपासनीसांकडून आणलं. उघड्या भागात बहुतेक ठिकाणी ५.८ ते ६. पण चौथ्या सॅडलवर, जिथे पावसाळ्यात पाणी साचतं, तिथे ५.६. सूत्रात घातलं तर ७७ किलोपास्कल. त्या दिवशी आम्ही ७० वर होतो.

मॉडेल वस्तुमानावर नेलं, पातळी-आकारमानाचा तक्ता घातला. पहिल्या दिवसाचा आकडा आता ७१ येतो.

मग सफाईनंतर पहिल्यांदा अगदी हळू रिकामी केली. काटा हललाच नाही, म्हणजे त्या गेजवर इतकं कमी वाचताच येत नव्हतं. दुसऱ्यांदा भाऊंनी युक्ती काढली. टॅपिंगला लेव्हल-ट्यूबची पारदर्शक नळी लावून दुसरं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवलं. नळीत पाणी वर चढतं, चढेल तितका व्हॅक्यूम. सकाळी सहाला सुरू केलं, कारण दहानंतर त्या पाइपाला हात लावता येत नाही. वॉशआउट टप्प्याटप्प्याने पूर्ण उघडला. मॉडेल म्हणत होतं ६० सेंटिमीटर, नळीत पाणी ७२ पर्यंत चढून थांबलं. एअर व्हॉल्व्हचा सहगुणक ०.६ ऐवजी ०.५५ धरला की जुळतं. झाकणाखालचं वळण आहे, तेवढं नुकसान होत असणार. रिकामं व्हायला मॉडेलप्रमाणे १ तास १७ मिनिटं, प्रत्यक्षात १ तास ३५. शेवटचं पाणी रेंगाळलं. वॉशआउटचं तोंड पाइपाच्या तळापेक्षा थोडं वर आहे, ते मी धरलं नव्हतं.

एकच विचारायचं राहिलं. नवी जाळी बसवतेय. माशी जाऊ नये म्हणून बारीक लावली तर हवा अडते, मोठी लावली तर माशी जाते. काय करू?

निवृत्त_पाणीपुरवठा

जाळी बारीकच लावा, पण तोंडावर ताणून नको. झाकणाभोवती मोठा पिंजरा करा, स्टेनलेसच्या तारेचा, म्हणजे जाळीचं एकूण क्षेत्रफळ वाढेल. जाळीतली मोकळी जागा ८० मिमी तोंडाच्या किमान चौपट येऊ द्या, निम्मी धुळीने भरली तरी चालेल. पिंजरा बोल्टवर ठेवा, वेल्ड करू नका, उघडता आला पाहिजे. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, झाकण काढून आत बघायचं.

चौथ्या सॅडलजवळचं पाणी वळवा, आणि त्या तुकड्यावर पट्टीचं कडं बसवता येतं का ते तुमच्या वरिष्ठांना विचारा. आकडे त्यांच्यासमोर ठेवा, ५.६ आणि ७७. नळीचा आणि बादलीचा फोटो असेल तर टाका, मला बघायचाय.

टेकडी_ते_नाला

फोटो काढलाय, संध्याकाळी टाकते. बादली भाऊंच्या घरची आहे. ते म्हणाले, "मॅडम, बादली तिथंच राहू द्या, पुढच्या खेपेलेही लागन."